टोपीवरचं कुंकू

आमच्या घरात बेसबॉल कुणालाच कळत नाही. मला नाही, मुलीला नाही, आणि जिनं ती कार्डं जमवली त्या माझ्या बायकोला तर मुळीच नव्हतं कळत. एक मॅच आम्ही कधी धड बघितली नाही. तरी पुढच्या खोलीतल्या कपाटात, समई आणि ब्लड प्रेशरच्या मशीनच्या मधे, बेसबॉलच्या कार्डांचा एक जाडजूड अल्बम आहे. त्याच्यावर शॉर्टब्रेड बिस्किटांचा पत्र्याचा डबा. अल्बममध्ये आहेत ते मान मिळालेले. डब्यात आहेत ते अजून वाट बघणारे. बायको मार्चमध्ये गेली. डब्याला मी हात लावलेला नाही, म्हणजे धूळ पुसतो तेवढाच.

हे कसं सुरू झालं ते सांगतो. मुलगी शिकून ब्रिस्टलला विमानाच्या कंपनीत लागली आणि घर एकदम मोठं झालं. मी तेव्हा ब्रेडच्या कारखान्यात होतो. रात्रपाळी करून सकाळी यायचो आणि झोपायचो. बायकोला भिंती खायला उठल्या. मग ती इथंच वेम्बलीत, ईलिंग रोडच्या मागच्या एका चॅरिटी शॉपमध्ये जायला लागली. पगार नाही. लोकांनी दिलेल्या पिशव्या उघडायच्या, फाटकं एका बाजूला, धडकं एका बाजूला, आणि धडक्याला इस्त्री. एका पिशवीतनं बुटांचा खोका निघाला, त्यात ही कार्डं. दुकानातली मॅनेजर बाई म्हणाली, इथं बेसबॉल कोण घेतंय, टाकून दे. बायकोनं टाकलं नाही. आमच्या बायकोनं आयुष्यात दहीभाताचं शीत टाकलं नाही, माणसांची तोंडं कुठनं टाकणार?

संध्याकाळी मी उठून चहाला बसलो तर टेबलावर पसारा.

"अहो, हे बघा काय आणलंय."

मी बघितलं. "यात राजा-राणी कुठायत?"

"खेळायचे पत्ते नाहीत हे. माणसं आहेत."

"माणसं आहेत ते दिसतंय मला. आपली कोण लागतात?"

"अजून कुणी नाही," ती म्हणाली.

त्या 'अजून'कडं माझं लक्ष जायला हवं होतं.

कार्ड म्हणजे तळहाताएवढं जाड कागदाचं. पुढं खेळाडूचा फोटो, मागं बारीक आकडे. आकडे तिला कळेनात. मग तिनं दुकानात येणाऱ्या एका अमेरिकन म्हाताऱ्याला धरलं. तो हॅरोला राहतो. इंग्लिश बाईशी लग्न करून इकडं आला आणि ती गेल्यावर इथंच राहिला. लढायांची जाडी पुस्तकं विकत घ्यायचा आणि वाचून झाली की त्याच दुकानाला परत द्यायचा. बायकोनं त्याच्यासमोर खोका उघडला तर तो म्हणे लहान पोरासारखा बसला खालीच. उठवायला दोन माणसं लागली.

त्यानं तिला सांगितलं ते असं. तिकडं अमेरिकेत एका छोट्या गावात एक दालन आहे. मोठमोठ्या खेळाडूंचे पितळी मुखवटे तिथं भिंतीवर लावतात. खेळ सोडून काही वर्षं झाली की पेपरवाले मतं देतात. ज्यांचा गाजावाजा झालाय ते पटकन आत जातात. बाकीचे दरवर्षी थोडक्यात राहतात, राहतात, आणि मग त्यांचं नावच यादीतनं जातं. संपलं. पण पुढं कधीतरी डिसेंबरात जाणत्या लोकांची एक कमिटी बसते आणि मागं राहिलेल्यांची नावं परत काढते. पाऊण भाग लोकांनी हो म्हटलं की तो माणूस आत. कुणाला असा मान ऐंशीव्या वर्षी मिळाला. कुणाला मेल्यावर. तो घ्यायला बायको गेली, नाहीतर नातू गेला.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला एवढेच द्या. उशिरा मिळालेले, आणि अजून वाट बघणारे."

"आणि हे?" म्हाताऱ्यानं विचारलं. त्याच्या हातात भारी भारी खेळाडू होते म्हणे.

"ते तुम्ही घेऊन जा. त्यांचं बरं चाललंय. त्यांना माझी काय गरज?"

घरी येऊन तिनं ही वाटणी मला सांगितली तेव्हा मी म्हणालो, "अगं, तो म्हातारा रात्रभर नाचला असेल." ती म्हणाली, "नाचू दे. गुडघे सुटतील त्याचे."

इंग्रजी नावं तिच्या तोंडात बसत नव्हती, म्हणून तिनं आपली नाती लावली. लांब मिशांचा एक होता, तो मिशीवाले काका. डाव्या हातानं चेंडू टाकणारा, तो डावरा. एकाचा चेहरा सदा हसरा, तो जावई. आम्हाला जावई नव्हता त्या वेळी, मुलीला त्याचा राग यायचा. फोनवर म्हणायची, "आई, माझी लग्न झाली नाही म्हणून तू कार्डाला जावई म्हणतेस?" मुलगी इथंच जन्मली, तिचं मराठी असं. बायको म्हणायची, "तुझी होईल तेव्हा होईल. हा तयार आहे."

आणि डब्यात सगळ्यात वर होता गालफुग्या.

गालफुग्या म्हणजे एक रुंद खांद्यांचा माणूस, बॅट खांद्यावर, आणि डावा गाल आत लिंबू ठेवल्यासारखा फुगलेला. तिकडचे खेळाडू खेळताना तंबाखू चघळायचे. बायकोचा मामा असाच बार भरून सोप्यात बसायचा आणि बोलायला लागलं की आधी हात वर करून थांबा म्हणायचा. गालफुग्याला बघितलं की तिला मामा दिसायचा. अमेरिकन म्हातारा सांगायचा, हा फार चांगला होता, पण त्याचा संघ नेहमी हरायचा, म्हणून मागं पडला. तो मरूनही बरीच वर्षं झालेली. बायकोनं ठरवून टाकलं होतं, याला मिळणार.

डब्यातला कुणी निवडला गेला की आमच्या घरी एक विधी असायचा. अमेरिकेत रविवारी संध्याकाळी निकाल लागतो, तेव्हा आपली इकडं रात्र. म्हणून म्हातारा सोमवारी सकाळी फोन करायचा. बायको आंघोळ करून, केस विंचरून फोनशेजारी बसलेली. निवड झाली असली की कार्ड डब्यातनं काढायची, देवासमोर पाटावर ठेवायची, निरांजन ओवाळायची आणि कुंकू लावायची. कपाळाला लावायला जावं तर सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या. "टोपी काढा म्हणता येत नाही," म्हणायची आणि टोपीवरच लावायची. कार्ड गुळगुळीत, कोरडं कुंकू टिकायचं नाही, म्हणून आधी व्हॅसलिनचं बोट. मग कार्ड अल्बममध्ये. मग शिरा. त्या सोमवारी दुकानातल्या बायकांनाही शिरा जायचा. कशाचा ते त्यांना आजपर्यंत कळलेलं नाही.

मी तिला चिडवायचो. "मेलेल्या माणसाला मान देऊन काय उपयोग? त्याला शिरा मिळणारे का?"

"तुम्हाला मिळतोय ना? गिळा."

"नाही, पण खरं सांग. जिवंत होता तेव्हा कुणी विचारलं नाही. आता पितळेचं तोंड करून भिंतीला लावलं. हे काय खरं?"

ती चमचा थांबवून म्हणायची, "त्याला नसेल कळत. पण चूक झालती असं त्या लोकांना म्हणावं लागलं की नाही? चार लोकांत म्हणावं लागलं."

मी वाटी परत पुढं करायचो.

एकदा आम्ही क्रॉयडनला गेलो. तिथं एका हॉटेलच्या हॉलमध्ये कार्डांची जत्रा भरते. ट्यूब, मग ट्रेन, मग ट्रॅम. बरोबर पोळ्या आणि बटाट्याची भाजी, कारण बायकोला बाहेरचं सँडविच ओलं लागायचं. तिला हवं होतं एक ठरावीक कार्ड. जुन्या काळी अमेरिकेत काळ्या खेळाडूंना गोऱ्यांच्यात खेळू द्यायचे नाहीत, त्यांचे संघ निराळे. त्यांची कार्डं त्या वेळी कुणी फारशी छापलीच नाहीत. त्यातल्या एकाला मेल्यावर कितीतरी वर्षांनी त्या दालनात घेतलं, आणि मग जुन्या फोटोवरनं त्याचं कार्ड निघालं. बायको त्याला थोरले आजोबा म्हणायची, कार्ड मिळायच्या आधीपासूनच.

हॉलमध्ये सगळी फुटबॉलची कार्डं. एका कोपऱ्यात एक दाढीवाला अमेरिकन माल घेऊन बसला होता, म्हणजे माल अमेरिकन, दाढीवाला इथलाच. तापलेल्या तव्यावरची पोळी उलटतात तसा कार्डं कडेकडेनं धरायचा. त्याच्याकडं थोरले आजोबा होते. बायकोचा चेहरा असा झाला की मी मनात म्हटलं, आता हा किंमत वाढवणार. पण त्याचं लक्ष गेलं तिच्या काखेतल्या अल्बमकडं. बघू का म्हणाला. तिनं मोठ्या मानानं दिला.

पहिलं पान उलटलं. दुसरं उलटलं. मग चष्मा पुसला.

"हा लाल डाग कसला आहे?"

"डाग नाही. कुंकू," बायको म्हणाली.

"हे सगळ्यांवर आहे?"

"सगळ्यांवर कसं? मिळालं त्यांच्यावर."

तो खुर्चीत मागं टेकला. म्हणाला, "मॅडम, यातली काही कार्डं फार चांगली होती. त्यांच्यावर कुणी बोटसुद्धा लावत नाही. ही आता मेली."

बायको तिच्या इंग्रजीत म्हणाली, "माणूस पण मेला, सर. कार्डाचं काय?"

माझ्या तोंडातनं हसू फुटलं. दाढीवाल्याला नाही आलं. त्यानं आजोबांचं कार्ड आपल्या बाजूला ओढून घेतलं आणि म्हणाला, हे मी तुम्हाला विकेन, पण याला लाल लावणार नाही असं वचन द्यायचं. पैसे घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला असं म्हणणारा दुकानदार मी वेम्बलीत एकही बघितलेला नाही. बायकोनं कार्डाकडं एकदा बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "मग राहू दे," आणि अल्बम काखेत मारला.

ट्रॅममध्ये मी तिला म्हणालो, "अगं, हो म्हणायचं. घरी येऊन काय लावायचं ते लावायचं. तो काय बघायला येणारे?"

"खोटं बोलून आणलेल्याला कुंकू लावू?"

"मग आता? आजोबा राहिले ना तिथं."

"राहू देत. त्यांना सवय आहे बाहेर थांबायची."

आणि खिडकीबाहेर बघत बसली. पोळ्यांचा डबा उघडलाच नाही. डोळ्यांत पाणी होतं, पण ट्रॅममध्ये रडणारी बाई नव्हती ती. मी कार्डांकडं त्या दिवसापासून जरा निराळं बघायला लागलो. एवढ्या लांब येऊन, हवी ती वस्तू हातभर अंतरावर असताना, फक्त एका टिकलीपायी मागं फिरायचं म्हणजे ती नुसती हौस नव्हती.

अमेरिकन म्हाताऱ्याला ही गोष्ट कळली. पुढच्या जत्रेला तो एकटाच गेला आणि थोरल्या आजोबांना पाकिटात घालून आमच्या दारात उभा राहिला.

"वचन दिलंत?" बायकोनं आधी ते विचारलं.

"त्यानं मागितलंच नाही," तो म्हणाला. "मी गोरा म्हातारा. माझ्या खिशात कुंकू असेल असं त्याला कशाला वाटेल?"

त्या दिवशी तो पहिल्यांदा आमच्याकडं जेवला. पिठल्याला कस्टर्ड समजून त्यानं मोठा चमचा तोंडात घातला आणि मग मिरची लागली. पण थांबला नाही. इंग्रजीत तू आणि तुम्ही असा घोळ नाही, म्हणून मी तेव्हापासून मनात त्याला अरेतुरेच करतो.

तीन वर्षांमागं गालफुग्याचं नाव कमिटीपुढं आलं होतं. सोमवारी फोन आला, थोडक्यात राहिला. बायको "बरं" म्हणाली, फोन ठेवला आणि उठून झाडांना पाणी घातलं. डिसेंबरात. झाडांना कशाला पाणी लागतंय? त्याच्या काळच्या खेळाडूंची पाळी आता परत तीन वर्षांनी, असं म्हाताऱ्यानं सांगितलं. ती म्हणाली, तीन वर्षं काय, अशी जातात.

गेली तशीच. पण शेवटचे काही महिने तिला मिळाले नाहीत.

दुखणं पोटाचं होतं. ते मी लिहीत नाही. हॉस्पिटलमध्ये एकदा मी तिला चमच्यानं पेज भरवत होतो, तर डोळे मिटूनच म्हणाली, "गालफुग्याचं काय झालं?"

"अगं, अवकाश आहे अजून. डिसेंबरात."

"तुम्ही लक्ष ठेवा."

"ठेवतो."

"नुसतं ठेवतो म्हणू नका. तुम्ही झोपता सोमवारी."

कारखाना सोडून मला किती वर्षं झाली होती, तरी तिच्या मनात मी अजून रात्रपाळीचाच.

ती गेल्यावर इथल्या मराठी मंडळातल्या बायका आल्या. तिला हिरवी साडी नेसवली, मळवट भरला, आणि म्हणाल्या, भाग्यवान, सवाष्ण गेली. मी मनात म्हटलं, कसलं डोंबलाचं भाग्य. नंतर मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. एकेक जण उठून सांगत होता, काय बाई होती, किती केलं तिनं. जिनं बोलून दाखवलं नाही अशी बाई राहिली नाही. मी पहिल्या रांगेत बसून ऐकत होतो आणि मला सारखं वाटत होतं, हे तिला एकदा तरी, शिऱ्याचा डबा परत देताना, कुणी म्हणायचं होतं. मग तिचंच बोलणं आठवलं, चार लोकांत म्हणावं लागलं की नाही. म्हणून भांडलो नाही. घरी आलो.

त्यानंतरचे महिने कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. पोळ्या मी ईलिंग रोडवरनं आणतो. गुजराती बाई चांगल्या करते, पण पातळ. दोन माणसांचा चहा अजूनही टाकला जातो हातानं. एक कप मी पितो, दुसराही मीच पितो.

नोव्हेंबरात यादी आली. मुलीचाच फोन. आता ती पण लक्ष ठेवायला लागली आहे.

"बाबा, आईची प्लेयर लिस्टवर आहे!"

"कोण, गालफुग्या?"

"येस! या टाइमला नक्की होणार. मी आर्टिकल वाचली. सगळे म्हणतात होणार. तुम्ही एक्सायटेड नाही?"

"आहे की," मी म्हणालो.

नव्हतो. फोन ठेवला आणि डब्यासमोर जाऊन बसलो, तेव्हा मला कळलं मला काय वाटतंय ते. गालफुग्या निवडला गेला तर मला तो डबा उघडावा लागणार. तिनं ठेवलेलं सगळ्यात वरचं कार्ड उचलावं लागणार. ते अल्बममध्ये लावलं की झालं, तिचं बाकी राहिलेलं काम संपलं. बाकी तिचं सगळं संपलेलं होतं. साड्या मुलीनं नेल्या, गोळ्या केमिस्टला परत केल्या, तिच्या मोबाइलचं कनेक्शन बंद. लोणचं संपलं. तिची एकच गोष्ट चालू होती, ती म्हणजे हे वाट बघणं. ती नव्हती तरी ते चालू होतं. मी रोज त्याच्या शेजारी बसून टीव्ही बघत होतो. ते संपलं की घरात मी एकटा.

म्हणून मी देवासमोर उभं राहून स्पष्ट सांगितलं, यंदा नको. पुढं कधी दे त्याला, मी नाही म्हणत नाही. पण यंदा नको.

बायकोच्याच देव्हाऱ्यात, तिच्याच देवांना हे सांगायचं म्हणजे जरा अवघड होतं. गणपतीकडं न बघताच सांगितलं.

तो सोमवार आला. मी झोपलो नाही, तिला खोटं पाडायचं म्हणून नव्हे, झोपच आली नाही. उजाडता आंघोळ केली. शर्ट इस्त्रीचा घातला. फोनशेजारी तिची खुर्ची आहे, तिच्यात बसलो नाही, दुसरी ओढून घेतली. बाहेर शेजारी गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत होता. तो खर्र खर्र आवाज आणि मी.

फोन वाजला. म्हाताऱ्याचा श्वास आधी ऐकू येतो, मग तो बोलतो.

"नाही झालं रे," तो म्हणाला. "या वेळीही नाही."

"बरं झालं," मी म्हणालो.

"काय?"

मी बोलणार होतो, की मला हेच हवं होतं, देवानं ऐकलं. तोंडही उघडलं. पण आलं ते भलतंच.

"किती मतांनी?"

"थोडक्यात. मागच्यासारखंच."

"थोडक्यात म्हणजे काय? दरवेळी थोडक्यात म्हणजे काय? कोण बसतं त्या कमिटीत? डोळे फुटलेत का त्यांचे?" मी उभा राहिलो होतो. अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत, म्हाताऱ्याला किती कळलं देव जाणे. "माझी बायको त्याची वाट बघून बघून गेली. तो बिचारा मेला. त्याची बायको मेली असेल. आता कुणाच्या मरायची वाट बघताय तुम्ही? त्याचा संघ हरला हा त्याचा दोष? एकटा माणूस किती पळणार?"

"मी कमिटीत नाही," म्हातारा हळूच म्हणाला.

"तू अमेरिकन तर आहेस ना!"

"ते खरं आहे," तो म्हणाला.

मला धाप लागली. खाली बसलो तो तिच्याच खुर्चीत. आणि बसल्यावर लक्षात आलं की मला राग आलाय तो तिचाच राग आहे. डिसेंबरात झाडांना पाणी घालताना तिला आला असेल तो. महिनाभर मी देवाला नको नको म्हणत होतो, आणि नाही झालं म्हणताच म्हाताऱ्यावर ओरडत सुटलो. मला त्या माणसाला मान मिळायला हवा होता. तिच्यासाठी नाही. म्हणजे तिच्यासाठी तर हवाच होता, पण त्याच्यासाठीही हवा होता. असं इतक्या वर्षांत मला कधी वाटलं नव्हतं. तिला वाटायचं, मी शिरा खायचो.

"ऐकतोयस का?" म्हातारा विचारत होता.

"ऐकतोय."

"आता परत तीन वर्षांनी. तोवर मी असेन नसेन. माझं वय तुला माहीत आहे."

"असायला लागेल," मी म्हणालो. "मला बेसबॉल येत नाही. तू गेलास तर मला कोण सांगणार कशाला काय म्हणतात?"

"तुला अजून येत नाही? एवढी वर्षं?"

"तिला तरी कुठं येत होतं?"

तो हसला. खोकला. परत हसला.

"तो चांगला होता म्हणतोस," मी म्हणालो, "म्हणजे नक्की काय करायचा?"

"कोण?"

"गालफुग्या. दुसरं कोण? तो मैदानात जाऊन नक्की काय करायचा, ते मला माहीतच नाही."

"ते फोनवर नाही सांगता येत. दाखवावं लागेल. माझ्याकडं त्याच्या जुन्या मॅचेस आहेत कॉम्प्युटरवर. आज काय करतोयस?"

"काही नाही."

"मग बस पकडून ये. पण सांगून ठेवतो, तीन-तीन तास चालते एकेक मॅच."

"चालू दे," मी म्हणालो.

कोट घातला. दाराशी गेलो आणि परत फिरलो. कपाटातला डबा उचलून पिशवीत ठेवला, झाकण न उघडता. बसमध्ये तो मांडीवर धरून बसलो. गालफुग्याला खेळताना तिनंही कधी बघितलं नव्हतं.